हॉस्पिटलात कोणी ओळखीचं भेटलं तर...

बरेच दिवस काही लिहिलं नव्हतं. परीक्षा, पेपर तपासणं, आईची गुडघेदुखी... असो. पण त्या गुडघेदुखीमुळेच एक विषय डोक्यात शिरला आणि काही केल्या बाहेर जाईना, म्हणून आज लिहायला बसलेय.

आईला घेऊन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेले होते. केसपेपर काढला, नंबर लावला आणि बाकावर बसून राहिले. समोर, स्त्रीरोग विभागाच्या दाराशी, आमच्या कॉलेजातली एक मुलगी बसली होती. एकटीच. मी तिला ओळखायच्या आत तिनं मला ओळखलं. ओढणी डोक्यावरून पुढे घेतली, हातातला केसपेपर घडी करून पर्समध्ये टाकला आणि उठून चालायला लागली. दोन मिनिटांनी आतून तिचं नाव पुकारलं गेलं. दोनदा. मग पुढच्या बाईंचं.

मी काहीच केलं नव्हतं. नुसती तिथे बसले होते. तेवढंच पुरलं.

(मुलीची ओळख पटू नये म्हणून दोनतीन गोष्टी बदलल्या आहेत. का, ते पुढे कळेलच.)

घरी येताना रिक्षात मला आठवली ती पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची एक गोष्ट. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आमच्या आळीतली एक मुलगी, बारावीला असेल, अशीच मला एका दवाखान्यात दिसली होती. मी घरी आले आणि गवार मोडता मोडता सासूबाईंना म्हटलं, "अमक्यांची धाकटी दिसली हो आज, बायकांच्या डॉक्टरांकडे." बस्, एवढंच. त्यात काही वाईट नव्हतं, निदान माझ्या मनात तरी नव्हतं. संध्याकाळपर्यंत ते वाक्य चार घरं फिरून आलं. दुसऱ्या दिवशी त्याला "कुणाबरोबर तरी" हेही चिकटलं होतं. मग त्या मुलीचा मोबाइल काढून घेतला, कॉलेजला सोडायला-आणायला भाऊ जायला लागला, आणि दवाखाना तर बंदच.

ती कशाला गेली होती? तीन-चार महिने पाळी आली नव्हती आणि हनुवटीवर केस यायला लागले होते म्हणून. पीसीओडी. पुढे तिचं लग्न झालं, मूल राहीना म्हणून शहरातल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या तेव्हा त्याचं नाव कळलं. तोवर साखरही वाढलेली होती. हे तिनंच मला एका हळदीकुंकवाला सांगितलं, आणि हसत हसत म्हणाली, "काकू, त्या दिवशी तुम्ही नसतात ना तिथे, तर फार बरं झालं असतं." मला हसता आलं नाही. (हे लिहायच्या आधी तिला फोन करून विचारलंय. "लिहा, पण गाव नको" म्हणाली.)

तर मुद्दा असा. कॉलेजमधली मुलंमुली पाळी, गर्भनिरोधक, गुप्तांगाचे आजार, नको असलेली गर्भधारणा अशा तक्रारींसाठी दवाखान्यात जात नाहीत, यावर आमच्याकडे दरवर्षी एक व्याख्यान होतं. पाहुणे येतात, नारळ, शाल, दीपप्रज्वलन. आणि दरवेळी निदान एकच : "मुलांमध्ये जागरूकता नाही." मीही ते वाक्य आभारप्रदर्शनात किती वेळा म्हटलं असेल!

आता मला ते पटत नाही.

का पटत नाही ते सांगते. दोन-तीन वर्षांपूर्वी आम्ही एनएसएसच्या शिबिरात एक प्रश्नपेटी ठेवली होती. नाव लिहायचं नाही, फक्त प्रश्न. मला वाटलं होतं, मुलं विचारतील हे म्हणजे काय आणि ते म्हणजे काय. तसे प्रश्न होतेच. पण बऱ्याच चिठ्ठ्यांचा सूर वेगळा होता. "तिथे आधार कार्ड मागतात का?" "घरी फोन करतात का?" "आमच्या शेजारच्या ताई तिथे सिस्टर आहेत, त्यांना न कळता जाता येईल का?" "केसपेपरवर काय लिहितात?" या मुलांना दवाखाना कुठे आहे ते ठाऊक होतं, त्यात काय मिळतं त्याचाही अंदाज होता. त्यांना फक्त एक कळत नव्हतं, की आपण तिथे गेलो हे आणखी कुणाकुणाला कळेल. आणि ते तर आमच्या एकाही व्याख्यात्याने कधी सांगितलं नव्हतं.

पैशांचंही कारण आता फारसं उरलेलं नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांमध्ये केसपेपरपासून उपचारांपर्यंत सगळं मोफत आहे. तरीही मुलगी पाचशे रुपये उसने घेते आणि एसटीने दुसऱ्या तालुक्याला जाऊन खासगी डॉक्टर गाठते. ते पाचशे रुपये उपचाराचे नसतातच हो, ते अंतराचे असतात! ओळखीच्या माणसांपासूनच्या अंतराचे.

सरकारला हे अजिबात कळलेलं नाही असंही नाही. जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी. त्यातल्या खास दवाखान्यांना आपल्याकडे 'मैत्री क्लिनिक' म्हणतात. त्यामागचा विचार मला खरोखर आवडतो. तिथे आहार आहे, मनावरचा ताण आहे, व्यसनं आहेत, हिंसा आहे आणि लैंगिक आरोग्यही आहे. म्हणजे आत शिरणारी मुलगी मुरुमांसाठी आलीय, अभ्यासाच्या टेन्शनसाठी आलीय की आणखी कशासाठी, हे बाहेर बसलेल्याला कळू नये. छानच की!

पण मी जी खोली पाहिली तिच्या शेजारच्याच दारावर एचआयव्ही तपासणीची पाटी होती. दोन्ही दारांसमोर बाक एकच. वेळ सकाळची, आणि कॉलेजही सकाळचं. म्हणजे तिथे जायचं तर तास बुडवायचा, तास बुडवला की हजेरी, आणि हजेरीचा मेसेज घरी. कागदावरच्या उत्तम योजनेला असा एखादा बाक पुरतो.

दुसरं म्हणजे ते एकोणीस वर्षांचं. टीवायची मुलगी वीस-एकवीसची असते. ती 'किशोर' राहिलेली नसते. आणि कुटुंब नियोजनाचं बाकीचं सगळं काम चालतं ते 'पात्र जोडप्यां'साठी. आरोग्य खात्यात खरंच ही संज्ञा आहे आणि गावोगावी तशा जोडप्यांची नोंद ठेवली जाते. जोडपं म्हणजे अर्थातच लग्न झालेलं. मग वीस वर्षांची, लग्न न झालेली, शिकणारी मुलगी कुठल्या रजिस्टरात? कुठल्याच नाही. गावातल्या आशाताईंकडे गर्भनिरोधकं असतात, पण आशाताई गावातल्याच असतात. त्यांची सून किंवा पुतणी हिच्याच वर्गात असते. यात आशाताईंचा काय दोष? पण ही मुलगी त्यांच्या दारात उभी राहणार नाही, हेही तितकंच खरं.

आता त्या सुप्रसिद्ध प्रश्नाबद्दल. "लग्न झालंय का?"

कुठल्याही मुलीला विचारा, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पहिला प्रश्न हाच. डॉक्टरांची बाजू मला समजते. त्यांना जाणून घ्यायचं असतं की गर्भ राहिला असण्याची शक्यता आहे का, कुठली तपासणी करावी, कुठली करू नये. ते उघड विचारायला संकोच वाटतो म्हणून आपण त्याला लग्नाचं आवरण घातलं. पण गंमत बघा, ज्या अविवाहित मुलीचे संबंध आलेले आहेत, तिनं या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं ("नाही") तरी डॉक्टरांना माहिती चुकीचीच मिळते. आणि सोबत आई बसलेली असेल तर विषयच संपला. पुढचं सगळं निदान त्या एका "नाही"वर उभं. आपल्या सभ्यपणाची किंमत अशी मोजावी लागते, आणि मोजते ती मुलगीच.

माझ्या ओळखीच्या एक डॉक्टर आहेत. त्या सोबतच्या आईला सांगतात, "काकू, दोन मिनिटं बाहेर बसा हं, मी सगळ्याच मुलींशी एकटीने बोलते." मग मुलीला विचारतात, "गरोदर असण्याची काही शक्यता? हे मी सगळ्यांना विचारते, आणि इथलं बाहेर जात नाही." त्या 'सगळ्याच' आणि 'सगळ्यांना' या शब्दांत सगळी खुबी आहे. आईला अपमान वाटत नाही, आणि आपल्यावर संशय घेतलाय असं मुलीलाही वाटत नाही. यासाठी काही यंत्रसामग्री लागत नाही, निधीही लागत नाही.

आणि मुलगे? मुलग्यांचं तर कुणाच्या ध्यानातच नसतं. त्यांनी कुठल्या दारात जायचं? स्त्रीरोग विभाग त्यांचा नाही. प्रश्नपेटीतल्या मुलग्यांच्या चिठ्ठ्या वाचून मला खरोखर वाईट वाटलं. स्वप्नात वीर्य गेलं की ताकद जाते का, 'धातू जातो' त्याला औषध काय, खाज येते पण कुणाला सांगू... एसटी स्टँडच्या मुतारीपासून रेल्वेच्या डब्यापर्यंत "गुप्तरोग, हमखास इलाज" अशा ज्या जाहिराती दिसतात ना, त्या यांच्यासाठी असतात. बाजाराच्या दिवशी गावाबाहेर जडीबुटीचा तंबू लागतो, तोही यांच्यासाठीच. आम्ही प्राध्यापक मंडळी त्यावर हसतो, "शिकलीसवरलेली मुलं अशी कशी फसतात?" अहो, त्या तंबूत नाव विचारत नाहीत. केसपेपर नाही, रांग नाही, आणि तंबूवाला पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी. त्याच्या औषधात काही दम नसेल, पण पोरांना कशाची भीती वाटते हे त्याला आपल्यापेक्षा नेमकं कळलंय.

पत्रातून प्रश्न विचारण्याची सोय आपल्याकडे पूर्वी कुणी केली होती, आठवतंय? र. धों. कर्वे. १९२१ साली मुंबईत त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून १९५३ साली जाईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. त्यात ते वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला, १९३४ साली त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोर्टात उभे राहिले, आणि तरी खटला हरले. मला नेहमी वाटतं, त्या लोकांना विचारण्याचं धैर्य झालं ते समोर बसावं लागत नव्हतं म्हणून. माझ्या प्रश्नपेटीतले काही प्रश्न कर्व्यांच्या काळातले म्हणून खपले असते. नव्वद वर्षांनी! यात २००७ सालची भर : राज्यातल्या शाळांमध्ये लैंगिक शिक्षणाचा विषय निघाला, त्यावर केवढा गदारोळ झाला आणि तो कार्यक्रम थांबवला गेला. तेव्हा शाळेत असलेली मुलं आज स्वतः आईबाप झाली आहेत.

कायद्याचंही थोडं लिहिते, कारण त्याबद्दल मुलांमध्ये अर्धवट माहितीच जास्त आहे. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलीला गर्भपातासाठी आईवडिलांची किंवा कुणाचीच संमती लागत नाही, तिची स्वतःची पुरते. १९७१ च्या कायद्यात २०२१ साली सुधारणा झाली, त्यात गर्भनिरोधक फसल्यामुळे होणाऱ्या गर्भपाताच्या कलमात 'नवरा' जाऊन 'जोडीदार' हा शब्द आला. तिचं नाव बाहेर फोडणं हा शिक्षापात्र गुन्हा आहे. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या इमर्जन्सी गोळीला २००५ पासून डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही.

अठराच्या आत मात्र अवघड आहे, आणि ते मी लपवणार नाही. गर्भपातासाठी पालकांची लेखी संमती लागते. शिवाय २०१२ च्या पोक्सो कायद्यानं अठराखालच्या मुलामुलींशी आलेला कुठलाही शरीरसंबंध गुन्हा ठरतो, दोघांच्या मर्जीने असला तरी. आणि तो कळल्यावर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, डॉक्टरांवरही. हा कायदा मुलांच्या संरक्षणासाठी आहे आणि त्याची गरज आहेच. त्यानं किती लेकरं वाचली असतील. पण एफवायच्या वर्गात अर्धी मुलं सतरा वर्षांची असतात. त्यांना दवाखाना म्हणजे पोलीस स्टेशनची मागची बाजू वाटायला लागली तर ती मेडिकलवाल्याकडून मिळेल ती गोळी घेऊन हॉस्टेलच्या बाथरूममध्ये रक्तस्राव सोसत बसतील. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एवढी वाट काढून दिली, की अल्पवयीन मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव-गाव उघड करायची गरज नाही. हे किती डॉक्टरांना ठाऊक असेल आणि किती मुलींना, देव जाणे.

इथपर्यंत वाचून आमच्या घरातली काही मंडळी म्हणणार (नावं घेत नाही, पण काका, तुम्हीच!), "म्हणजे मुलांना मोकळं रान द्यायचं का?" काका, खरं सांगू? दवाखान्यात जाणारी मुलगी तिथे परवानगी मागायला जात नाही. जे व्हायचं ते झालेलं असतं, किंवा काहीच झालेलं नसतं आणि नुसती पाळी चुकलेली असते. दार बंद ठेवल्यानं यातलं काहीही टळत नाही. टळतो तो फक्त उपचार. आपल्या आळीतल्या त्या मुलीचं 'रान' काय होतं? हनुवटीवरचे चार केस!

मग मुलं जातात ती कशामुळे? मला दिसलं ते सांगते. आमच्या भागातल्या समुपदेशक ताईंना आम्ही एका वर्षी महिन्यातून एकदा कॉलेजातच बोलवायला सुरुवात केली. पहिल्या महिन्यात बसवलं स्टाफरूमशेजारी. कोणीही फिरकलं नाही. मग एका शहाण्या शिपाईमामांनी सुचवलं, "मॅडम, वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसवा, तिकडं पोरं असंही जातात." बसवलं. दारावर काही पाटी नाही. पहिली एक मुलगी गेली ती अशक्तपणासाठी, लोहाच्या गोळ्या घेऊन आली. तिनं मैत्रिणीला सांगितलं, "काही विचारत नाहीत गं उगाच, आणि वहीत नाव पण पूर्ण लिहीत नाहीत." झालं. पुढच्या महिन्यात तीन, मग पाच. एक दिवस दोन मुलगेही खोलीबाहेर उगाच पुस्तकं चाळताना दिसले. आमची भित्तिपत्रकं, निबंधस्पर्धा, रॅली यांनी जे झालं नाही ते एका मैत्रिणीच्या एका वाक्यानं झालं. विश्वास असाच पसरतो, आणि दुर्दैवानं अफवाही अगदी तशीच पसरते. गवार मोडता मोडता.

पुढे त्या ताईंची बदली झाली आणि ते थांबलं. नवीन कोणी यायला हवं, आम्ही पत्र दिलंय. बघू.

म्हणून मला जे म्हणायचंय ते डॉक्टर, सरकार आणि कायदा यांच्यापेक्षा आपल्यालाच जास्त लागू आहे. मुलांना ज्या 'ओळखीच्या कुणाची' भीती वाटते ना, ते कोणी म्हणजे आपण. मावशी, काकू, शेजारच्या वहिनी, मेडिकलमधले दादा, कॉलेजच्या मॅडम. आपण वाईट माणसं नाही. आपण फक्त 'दिसली हो आज' एवढंच म्हणतो. पण तेवढ्यावर एखादी मुलगी बाकावरून उठून जाते आणि पाच-सहा वर्षं परत येत नाही. खोल्या, पाट्या, वेळा बदलायला बदलतील तेव्हा बदलतील. 'दिसली हो' म्हणायचं थांबवायला कुठला जीआर लागत नाही.

ती परवाची मुलगी जर्नल सबमिट करायला स्टाफरूममध्ये आली होती. मी सही केली. ती जाईना. टेबलाच्या कडेला बोट घासत उभी राहिली. मी म्हटलं, "त्या दिवशी मी आईच्या गुडघ्यासाठी आले होते बाई, रांगेतच जीव गेला. कोण आलं, कोण गेलं, काही लक्ष नव्हतं. घरी गेल्यावर तर मी कुणाशी काही बोलतही नाही."

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. "हो मॅडम," म्हणाली आणि गेली.

पुन्हा दवाखान्यात गेली की नाही, मला माहीत नाही. विचारणारही नाही.